'उदासीन' म्हणू नका, वावरात सोबत या

महोदय,

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे, वाटूनही शेतकरी ते लावत नाहीत, तो उदासीन आहे, असं आपल्या अंकात वाचलं. मी घाटंजी तालुक्यात कृषी सखी आहे, गावातल्या शेतकऱ्यांना शेतीची माहिती देते. वाचून जिवाला लागलं.

आमच्या गावातल्या एका काकूंची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं नेली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली. पुढं एका वर्षी अतिवृष्टी झाली. पीकविम्याची तक्रार काकूंनी ७२ तासांच्या आत केली, तरी नामंजूर. का, ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांचं एकच, "का करतं बाई, आपल्या हाती का हाय?" सापळा पिशवीतच राहिला.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. क्रूरच होते ते. काहीही केलं तरी विजेचा धक्का थांबत नाही, हे भोगलेली बरीच कुत्री नंतर बुटका अडसर ओलांडून सुटता येत असतानाही पडून राहिली. ही 'शिकलेली असहायता', असं तेव्हा ठरलं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी ते फिरवलं. त्रास लांबला की गप्प पडणं आपोआप येतं, शिकावं लागतं ते आपल्या करण्यानं फरक पडतो हे. ती कुत्री हाका मारून उठली नाहीत. पट्टा धरून पुन्हा पुन्हा पलीकडे नेली, तेव्हा कुठं स्वतः उडी मारू लागली.

मेळाव्यातली भाषणं म्हणूनच वाया जातात.

यंदा मी काकूंसोबत पऱ्हाटीच्या ओळीत शिरले. डोमकळी, म्हणजे मिटून राहिलेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल, त्यांनीच तोडलं, उकललं, आतली अळी चिरडली. सापळा लावला. सकाळी पतंग त्याच मोजतात. सलग तीन रात्री आठ-आठ सापडले तरच फवारणी, हे आता शेजारणीला त्याच सांगतात.

सरकारकडे मागणं दोनच. हंगामभर वावरात उतरणारं माणूस प्रत्येक गावाला द्या. आणि विमा नाकारला तर कारण मराठीत, लेखी द्या, म्हणजे पुढच्या खेपेला काय करायचं ते शेतकऱ्याला कळेल.

– एक कृषी सखी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ