बाबा, पुन्हा परीक्षा कशाला, ते सांगते

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नोकरी चांगली चालली आहे, मग पुन्हा परीक्षा कशाला?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आईलाही वाचून दाखवा.

हवामान बदल व्यवस्थापनाचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्णवेळ केला तर वर्षात संपतो, अर्धवेळ केला तर दोन वर्षं लागतात. पगार चालू राहावा हे एक कारण झालंच. पण खरं सांगायचं तर संध्याकाळी वर्गात ऐकलेलं सकाळी ऑफिसात टेबलावर दिसतं, म्हणून मला अर्धवेळच हवा होता. वर्गातही बहुतेक जण नोकरीवालेच आहेत, कोणी विमा कंपनीत, कोणी पाणीपुरवठ्यात. चर्चा पुस्तकी राहत नाही.

आधी विज्ञान झालं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होतो. हे सगळं आवडलंच, पण जीव रमला तो हिशेबात.

तुमचा जन्म ऑडिटमध्ये गेला, तुम्हाला हे लगेच कळेल. कंपनीच्या उत्सर्जनाचे, म्हणजे तिच्यामुळे हवेत जाणाऱ्या तापवणाऱ्या वायूंचे, तीन भाग करतात. स्वतः जाळलेलं इंधन आणि स्वतःच्या यंत्रांतून गळलेले वायू पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात, आणि कच्च्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या विल्हेवाटीपर्यंतचं बाकी सगळं तिसऱ्यात. या तिसऱ्याचे १५ प्रकार आहेत. बहुतेक कंपन्यांचा मोठा वाटा तिथेच असतो आणि नोंदी सगळ्यात कच्च्या तिथल्याच. पुरवठादाराकडे आकडा नसला की खर्च केलेल्या पैशांवरून अंदाज बांधतात. म्हणजे आमच्या खरेदी विभागाने घासाघीस करून भाव पाडला की कागदावर उत्सर्जनही घटतं, माल मात्र तोच आणि तेवढाच! असला आकडा अहवालात छापलेला बघितला की मला स्वस्थ बसवत नाही.

एका असाइनमेंटसाठी मी आमच्या इमारतीचा हिशेब मांडला. वीज आणि गॅसची बिलं सरळ होती. पण देखभालवाल्यांच्या फायलीत एसीमध्ये गॅस भरल्याची एक ओळ सापडली. तो आर-४१०ए. शंभर वर्षांत हवा किती तापवतो या मापाने त्याचा एक किलो हवेत गेला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. गॅस भरावा लागला म्हणजे आधीचा कुठेतरी गळलाच ना? ती गळती वेळेत शोधणं, तिची नोंद ठेवणं, पुढचं यंत्र घेताना कमी घातक वायूचं घेणं, हीच यातली खरी कामं आहेत.

दुसरी बाजू बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची. लंडनला थेम्स नदीवर भरतीचा लोंढा अडवणारे दरवाजे आहेत, १९८२ पासून. थेम्सच्या खाडीसाठी २१०० पर्यंतचा आराखडा केलाय, आणि त्यात समुद्र अमुकच चढेल असं धरून एकदाच बांधून मोकळे झालेले नाहीत. पातळी मोजत राहायचं, ती वेगाने चढली तर पुढचा निर्णय अलीकडे ओढायचा, आणि लागणारी जागा आतापासून राखायची. नेमकं किती ते कळेपर्यंत थांबलं तर बांधायला वेळच उरणार नाही. कमी माहितीवरही जबाबदारीने ठरवता येतं, हे मला इथे शिकायला मिळालं, आणि त्याचसाठी मी हा अभ्यास करतेय.

दमायला होतं, खोटं कशाला सांगू. वाचन बरंचसं गाडीत होतं, आणि रविवार लिहिण्यात जातो. तब्येत उत्तम आहे, आईला काळजी करू नको म्हणावं.

आता प्रबंधाचा विषय ठरवायचाय. खर्चावरून अंदाज न बांधता छोट्या पुरवठादारांकडून खरे आकडे कसे मिळवायचे, हा घ्यावा असं मनात आहे. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस नसतो, आणि नुसते फॉर्म पाठवून त्यांना छळणं मला पटत नाही. तुम्ही एवढी वर्षं लहान गिऱ्हाइकांची खाती तपासलीत. पुरावा अपुरा असेल तेव्हा कुठल्या नोंदी आधी मागायचात? नमुना तपासणी कशी ठरवायचात? सवडीने लिहून कळवा, म्हणजे मार्गदर्शकांशी बोलण्याआधी माझी मांडणी पक्की होईल.

तुमची,
लेक