वेदीपासून बांधापर्यंत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आणि ईस्टरच्या सुमारास आपल्या दैनिकात उपासनांच्या बातम्या आणि देवळांच्या रोषणाईची छायाचित्रे आवर्जून येतात, याबद्दल नगर जिल्ह्यातील एक ख्रिस्ती शेतकरी म्हणून मी आभारी आहे. परंतु ख्रिस्ताच्या मागे चालण्याचा खरा कस आमच्याकडे शेताच्या बांधावर लागतो आणि त्याविषयी आम्हीच मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून हे पत्र.

डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन ते अर्पण करावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाचे हे वचन आम्हाला शब्बाथशाळेपासून, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गापासून, पाठ आहे, पण त्यातील दोन गोष्टी माझ्या फार उशिरा ध्यानात आल्या. चूक कोणाची, याची चौकशी येशू करतच नाही. भावाच्या मनात काही आहे एवढे पुरे, उठायचे ते मी. शिवाय हे ऐकणारे बहुतेक लोक गालीलातले आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक, तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवर. इतक्या लांबून आलेल्या माणसालाही तो आधी भावाकडे धाडतो. माझ्या थोरल्या भावाचे घर तर आमच्या विहिरीवरून दिसते.

आमचा वाद हातभर बांधावरून आणि सामाईक विहिरीच्या पाळीवरून सुरू झाला. मोजणी झाली, दावा लागला, तारखा पडत राहिल्या. त्या नऊ वर्षांत आम्ही दोघेही एकाच देवळात प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, घेत होतो. भाकरीचे ताट दादाच्या बाकाकडून माझ्या बाकाकडे येई आणि ते हाती घेताना मी मान वर करीत नसे. एका रविवारी पाळकसाहेबांनी त्यापुढचेही वचन वाचले : वाटेत आहेस तोवरच दावा लावणाऱ्याशी समेट कर, नाहीतर शेवटली दमडी फेडीपर्यंत सुटका नाही. त्या दिवशी मी ताट तसेच पुढे जाऊ दिले. तरीही भावाकडे जायला मंगळवार उजाडला. दादा गोठ्यात धार काढत होता; मान न वळवता "बस" एवढेच म्हणाला, आणि वहिनींनी न विचारता चहा टाकला. बांधाचा प्रश्न काही त्या संध्याकाळी सुटला नाही, पण पाण्याची पाळी ठरली आणि पुढच्या तारखेला दावा काढून घेतला.

समेट म्हणजे अन्याय गिळणे, असे मी मुळीच म्हणत नाही. एखाद्या विधवेची जमीन कोणी बळकावली तर तिने न्यायालयात जावे आणि चर्चच्या मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहावे.

याच नगरमध्ये राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या होत्या. त्या पुढे काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांचा तापट स्वभाव त्यांनी आपल्या आठवणींत लपवला नाही, आणि त्यांची माया व उदारपणाही तितक्याच खरेपणाने लिहिला. टिळकांची गीते आम्ही दर रविवारी गातो, पण ख्रिस्ताच्या मागे चालताना घरात किती अडखळायला होते, हे मला त्या आठवणींतूनच उमगले.

आमच्या मंडळ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, प्रभुभोजनाची सूचना आठवडाभर आधी द्यावी, आणि ज्या दोन घरांत बोलणे बंद आहे तिथे त्या आठवड्यात पाळकांनी व मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी जाऊन बसावे. जमल्यास बांधावरच बसावे.

आपला नम्र,
एक वाचक, जि. अहिल्यानगर