शांघायहून, कुत्र्यांच्या खर्चाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की चीनमधले लोक म्हणे मुलांऐवजी कुत्री पाळतात आणि त्यांच्यावर पाण्यासारखा पैसा घालवतात, हे खरं का. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, आणि त्याच विषयावरून मला तुमच्याकडे एक मागणंपण आहे, ते शेवटी सांगते.

आकडा मोठा आहेच. 2024 मध्ये इथल्या शहरांत कुत्र्या-मांजरांवर मिळून 300 अब्ज युआनच्या वर खर्च झाला. कुत्री सव्वापाच कोटींच्या वर आणि मांजरं सात कोटींहून जास्त, कारण फ्लॅट लहान, कामाचे तास लांबलचक आणि मांजराला खाली फिरवायला न्यावं लागत नाही. पण एका कुत्र्यामागे बघितलं तर वर्षाला सरासरी 2,961 युआन होतात, म्हणजे आपले 35 हजारांच्या आसपास, महिन्याला तीनेक हजार. त्यातले अर्ध्याहून जास्त खाण्यावर जातात आणि पाव भागाहून थोडे जास्त डॉक्टर आणि औषधांवर. कपडे, वाढदिवसाचे केक, कुत्र्यांच्या बाबागाड्या हे जे व्हिडिओ तुम्हाला येतात ते खोटे नाहीत, मीपण मॉलमध्ये बघते, पण घरोघरचा खर्च म्हणजे सुकं खाणं, रेबीजची लस, जंताचं औषध. लोकांना खरी भीती असते ती दवाखान्याच्या बिलाची. आमच्या ऑफिसमधल्या एकीच्या पूडलची गुडघ्याची वाटी सरकली (लहान जातींना हा त्रास जास्त होतो), ऑपरेशनला काही हजार युआन लागले आणि तिने त्या वर्षी फिरायला जाणं रद्द केलं, पण त्याबद्दल कुरकुर केलेली मी एकदाही ऐकली नाही.

आणि हे सगळं किती नवीन आहे बघा. माओच्या काळात हौसेने कुत्रा पाळणं म्हणजे श्रीमंती थेर समजायचे. बीजिंगमध्ये 1995 पासून कुत्रा ठेवायचा तर पहिल्या वर्षाची फीच 5,000 युआन होती, तेव्हा चीनमधल्या शहरी माणसाचं सरासरी वर्षाचं उत्पन्नसुद्धा तेवढं नव्हतं! 2003 मध्ये ती 1,000 वर आणली. शांघायमध्ये 2011 च्या नियमाप्रमाणे घरटी एकच कुत्रा, लस आणि कातडीखाली ओळखीची चिप आणि लायसन्स पाहिजेच.

मुलांचं म्हणाल तर लोकसंख्या 2022 पासून घटतेय हे खरं, पण त्याचा दोष कुत्र्यांवर टाकणं मला अजिबात पटत नाही. इथल्या मैत्रिणी सांगतात ती कारणं म्हणजे घरांच्या किमती, शाळेचा आणि क्लासचा खर्च, रात्री उशिरापर्यंतचं ऑफिस. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांत दोन तृतीयांशाच्या आसपास 1990 नंतर जन्मलेले आहेत, म्हणजे बरेचसे एकुलते एक, आईबाप दुसऱ्या गावाला, हे भाड्याच्या खोलीत. कोणीतरी दारात वाट बघणारं हवं असतं त्यांना, आणि मला ते समजतं.

पण मला जास्त सांगायचंय ते म्हाताऱ्या माणसांबद्दल. कुत्रा आणतो मुलगा किंवा मुलगी, पण दिवसभर सांभाळतात घरचे रिटायर्ड आईवडील. त्या पूडलवालीची आई आधी ठाम विरोधात होती, घरात केस होतील, घाण होईल, पैशाची नासाडी, सगळं बोलून झालं, आणि आता तीच रोज त्याच्यासाठी वेगळं चिकन उकडते, बिनमिठाचं. आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला खाली गेलं की आजीआजोबांचा घोळका असतो, प्रत्येकाच्या हातात पट्टा, एकमेकांची नावं माहीत नसतात पण कुत्र्यांची माहीत असतात, आणि कोण दोन दिवस दिसलं नाही तर कोणीतरी वर जाऊन बेल वाजवतं. आई, हे बघितलं की मला दरवेळी तुम्ही दोघं आठवता. बाबांचं फिरणं बंद झालंय आणि दुपारी घरात फक्त टीव्ही चालू असतो हे मला इथे बसूनही कळतं.

तर मागणं हे. गेटवरच्या ज्या काळ्या कुत्रीला तू रोज संध्याकाळी पोळी घालतेस ना, तिला घरात घ्या. विकतचं जातिवंत काही नको, तीच चांगली, शांत आहे आणि तुला ओळखते. महिन्याचे तीन हजार मी पाठवीन, दवाखान्याचे वेगळे. आधी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजचं इंजेक्शन द्या आणि पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात त्या ऑपरेशनचं विचारा. बाबा, पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, ओढलं तर पडाल, आणि सुरुवातीचे काही दिवस शेजारच्या काकांना बरोबर घ्या. तुम्ही इकडे माझ्याकडे याल तेव्हा ती मामीकडे राहील, मी मामीशी बोललेय, ती तयार आहे.

आई, तुला केसांचा त्रास होईल वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग, मी रागावणार नाही. रविवारी फोन करते, तोवर दोघांनी ठरवा.

तुमची,
मनू