महायुद्ध बॉम्बनं नाही, मोजणीनं टळलं

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अणुयुगावर जो मोठा लेख आला तो आमच्या गावच्या वाचनालयात बऱ्याच जणांनी वाचला आणि मग पानठेल्यावर त्याच्यावरून जे बोलणं सुरू झालं ते अजून थांबलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लेखात माहिती भरपूर होती, मेहनत दिसते. पण शेवटी लेखकानं जे लिहिलं की अमेरिका आणि रशिया दोघांकडेही बॉम्ब होता म्हणून तिसरं महायुद्ध झालं नाही, म्हणजे बॉम्बनंच शांतता राखली, ते मला काही पटलं नाही. पानठेल्यावरच्या पोरांना मात्र एवढं पटलं की आता कोणत्याही भांडणावर त्यांचा एकच इलाज, टाका ना एक बॉम्ब, विषय संपला.

शांतता राखली म्हणता तर कोणाची राखली? १९५० ते ५३ कोरियात लाखांनी माणसं मेली, मग व्हिएतनाम, मग अंगोला, १९७९ पासून अफगाणिस्तान. हे दोघं थेट एकमेकांच्या अंगावर गेले नाहीत एवढंच खरं, भांडायला जागा दुसऱ्यांच्या घेतल्या आणि मरायला माणसंही बहुतेक दुसऱ्यांचीच.

आपल्याकडे बॉम्ब पडला नाही, पण या भांडणाचा गहू पडला. अमेरिकेचा परदेशाला धान्य द्यायचा पीएल-४८० कायदा १९५४ चा, त्यातून आपल्याला गहू यायचा, आणि १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तो गहू हात आखडून सोडायचे, जहाज आलं की पुढचं कधी येईल याचा भरवसा नाही, कारण आपलं सरकार व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल बोलायचं ते त्यांना झोंबत होतं. आमच्याकडे ७२ च्या दुष्काळात रेशनवर जी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची तिचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजूनही तोंड वाकडं करतात. आणि ते गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, तेही अमेरिकेच्या गव्हातूनच आलं असं मानतात, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आज आमच्या धुऱ्याधुऱ्यावर उभं आहे, हात लावला तर खाज सुटते, निंदायला बाया तयार होत नाहीत. दुसऱ्या बाजूनं रशियानं १९५५ च्या करारानं भिलाईचा लोखंडाचा कारखाना उभा करून दिला, १९५९ ला पहिली भट्टी पेटली, तो गोंदियाहून जवळच, आपल्या भागातली बरीच माणसं तिथं कामाला लागली आणि त्यांची घरं उभी झाली. म्हणजे या भांडणात आपला फायदाही झाला, तो नाकारण्यात काही अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. युद्ध टळलं ते कशानं?

रशियानं क्युबात क्षेपणास्त्रं ठेवली आणि दोघं युद्धाच्या तोंडाशी आले तो क्युबाचा प्रसंग तुमच्या लेखात चांगला दिला, पण पाणबुडीची गोष्ट सुटली. २७ ऑक्टोबर १९६२, रशियाची बी-५९ पाणबुडी क्युबाजवळ पाण्याखाली, आत तापमान ४५ च्या वर (आपल्याला ते काय असतं हे वेगळं सांगायला नको, पण आपल्याला निदान कडुनिंबाची सावली तरी असते), मॉस्कोशी संपर्क तुटलेला, वरून अमेरिकेची जहाजं सुरुंग टाकताहेत. ते सुरुंग फक्त इशाऱ्याचे होते पण खालच्यांना काय माहीत. पाणबुडीत एक अणुटॉर्पेडो, म्हणजे पाण्यातून सोडायचा अणुबॉम्ब, होता आणि कॅप्टन तो सोडायच्या गोष्टी करायला लागला. सोबत असलेले वासिली अर्खिपोव नावाचे अधिकारी अडून बसले, कॅप्टनला शांत केलं आणि पाणबुडी वर आणली. मग १९७९ च्या ९ नोव्हेंबरला अमेरिकेच्या कॉम्प्युटरवर रशियाचा मोठा हल्ला दिसला, नंतर कळलं की सरावाची टेप चालू यंत्रणेत लागली होती. २६ सप्टेंबर १९८३ ला रशियाच्या उपग्रहांनी अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाली असं दाखवलं, ते ढगांवरून चमकलेलं ऊन होतं, ड्युटीवरच्या पेत्रोव नावाच्या रशियन अधिकाऱ्यानं खोटा इशारा समजून वर तसंच कळवलं म्हणून निभावलं. या तिन्ही दिवशी बॉम्ब काय करत होता बाप्पा? तो तर सुटायच्याच बेतात होता, अडवला माणसांनी.

पण माणसाच्या डोक्यावर किती दिवस भिस्त ठेवणार, प्रत्येक ड्युटीवर पेत्रोव थोडीच असतो. म्हणून मला जी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते आणि जिच्यावर तुमच्या दोन पानांत दोन ओळीही नव्हत्या ती म्हणजे मोजणी. गावात धुऱ्याचं भांडण किती का जुनं असेना, भूमी अभिलेखचा माणूस मोजायला आला की दोन्हीकडचे हजर राहतात, एकमेकांशी बोलत नसले तरी खुणा दोघंही बघतात आणि कागदावर सह्या करतात. अमेरिकेचे रीगन आणि रशियाचे गोर्बाचेव यांनी ८ डिसेंबर १९८७ ला मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडायचा जो आयएनएफ करार केला तो असाच. त्यात दोघांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली, आणि नुसती आम्ही मोडली असं सांगून नाही, समोरच्यासमोर. रशियातल्या वोत्किन्स्क गावात क्षेपणास्त्रांचा कारखाना आहे, त्याच्या गेटवर अमेरिकेचे निरीक्षक १९८८ पासून १३ वर्षं मुक्काम ठोकून होते, बाहेर पडणारा मोठा माल तपासायचे, आणि तसेच रशियाचे निरीक्षक अमेरिकेत युटामधल्या मॅग्ना गावातल्या कारखान्याबाहेर. ज्यांनी एकमेकांची शहरं जाळायचा नकाशा तयार ठेवला होता तेच एकमेकांच्या कारखान्याच्या गेटवर थंडीत उभे राहून ट्रक मोजत होते, हे मला त्या मोठाल्या स्फोटांच्या फोटोंपेक्षा जास्त भारी वाटतं.

पुढं लांब पल्ल्याची अणुशस्त्रं कमी करायच्या १९९१ च्या स्टार्ट करारात तर अणुबॉम्ब टाकणारी बी-५२ विमानं कापायची होती. अमेरिकेनं ॲरिझोनाच्या वाळवंटात एक जाड पातं क्रेननं उचलून वरून सोडलं, विमानाचे तुकडे केले आणि ते तुकडे ९० दिवस तिथंच उघड्यावर पडू दिले. काहून? तर रशियाच्या उपग्रहाला वरून नीट दिसावेत आणि मोजता यावेत म्हणून! १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अणुबॉम्ब होते, आज १२ हजारांच्या आसपास आहेत, तो फरक पडण्यात अशा मोजणीचा मोठा वाटा आहे. रशियाच्या मोडलेल्या बॉम्बांतलं ५०० टन युरेनियम पातळ करून १९९३ ते २०१३ अमेरिकेच्या वीजकेंद्रांत जाळलं, म्हणजे जवळपास २० हजार बॉम्बांचा माल. वीस वर्षं अमेरिकेतल्या दहातल्या एका दिव्यात रशियाचा बॉम्ब जळत होता म्हणा ना. (आमच्या ओलिताला मात्र अजून रात्रीचीच लाईन, पण ते वेगळं पत्र होईल.)

आता ही मोजणीच बंद पडली. आयएनएफ २०१९ ला मोडला. न्यू स्टार्ट नावाचा शेवटचा करार होता, २०१० चा, दोघांनी प्रत्येकी लांब पल्ल्याचे १,५५० च्यावर बॉम्ब तैनात ठेवायचे नाहीत आणि वर्षाला १८ तपासण्या करू द्यायच्या. २०२० ला कोरोनात तपासण्या थांबल्या त्या परत सुरू झाल्याच नाहीत, २०२३ ला रशियानं अंग काढून घेतलं आणि ५ फेब्रुवारी २०२६ ला मुदत संपली. चीन तर या मोजणीत कधी आलाच नाही आणि त्याचे बॉम्ब ६०० च्या आसपास गेलेत, तो आपला शेजारी. एवढी मोठी गोष्ट, आणि पुरवणीत काय, तर कोणाकडे किती याचा रंगीत तक्ता आणि कोणतं क्षेपणास्त्र किती लांब जातं याचे बाण. पोरं तो तक्ता मोबाईलवर क्रिकेटच्या स्कोअरसारखा फिरवतात, मग टाका एक म्हणणार नाही तर काय म्हणतील.

पानठेल्यावर मी आणखी एक गोष्ट सांगितली ती कोणाला खरी वाटेना, म्हणून इथं लिहितो. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. करार १९८८ चा, पहिली यादी १९९२ ला दिली, आणि कारगिल झालं, मुंबईचा हल्ला झाला, पुलवामा झालं, तरी यादी चुकली नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही यासाठी ही यादी. तुमच्या पेपरात ही बातमी येते, नाही असं नाही, पण आतल्या पानावर चार ओळीत, नवीन वर्षाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीखाली. येत्या २ जानेवारीला ती पहिल्या पानावर घ्या आणि सोबत ही यादी कशी सुरू झाली, कोण कोणाच्या हातात देतं, हे एखाद्या माहीतगाराकडून लिहून घ्या, एवढीच विनंती. तेवढ्या अंकाच्या दहा प्रती मी स्वतः विकत घेऊन पानठेल्यावर ठेवतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा

ता.क. त्या लेखात वॉशिंग्टन-मॉस्को हॉटलाईन म्हणून लाल टेलिफोनचं चित्र छापलंय ते चूक आहे. १९६३ ची हॉटलाईन टेलिप्रिंटरवर होती, टाईप केलेला मजकूर जायचा, फोन नव्हताच. आणि ती काहून लागली तर क्युबाच्या वेळी वॉशिंग्टनच्या रशियन वकिलातीतून मॉस्कोला निरोप पाठवायचा असला की तार कंपनीचा पोरगा सायकलवर येऊन मजकूर घेऊन जायचा. राजदूत दोब्रिनिन यांनी नंतर लिहिलंय की हा मधे कुठं थांबून एखाद्या पोरीशी गप्पा मारत बसू नये अशी आम्ही प्रार्थना करायचो.