बाळ्या, तुझं खरं होतं

बाळ्या,

सहा वर्षं झाली ना बे आपण धड बोललो नाही त्याला. दिवाळीला फॉरवर्ड पाठवतो, ते काय बोलणं नव्हे. तब्येत बरीय, आईचे गुडघे तसेच, लूम चालू आहेत, बास एवढं. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही म्हणून लिहितोय, आणि खरं सांगू, तुलाच सांगायला तोंड नाही.

१९९७ ची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते का? नववीत होतो आपण. नंदीध्वजाच्या मिरवणुकीहून आलो आणि आधी तुझे गाल सुजले, मग माझे. तू चार दिवसांत उठून भटकायला लागलास, पेढे खाताना तुझा तो फुगलेला गाल बघून सगळी गल्ली हसायची. मला मात्र आठवड्यानं परत ताप भरला आणि खाली सूज आली, दोन्हीकडं, पाय टाकता येईना. तू अण्णांची लुंगी आणून दिलीस आणि आईला सांगितलंस सायकलवरून पडला म्हणून. कुणाला सांगायचं नाही अशी सिद्धेश्वराची शपथ घातली होती मी तुला. तू पाळलीस. मी तर इतकी पाळली की विसरूनच गेलो.

जुलैत अशोक चौकात गाडी वळवताना घसरलो, स्पीड काहीच नव्हता, तरी मनगट मोडलं. हाडाचे डॉक्टर म्हणाले ४३ व्या वर्षी एवढ्यानं हाड मोडत नसतं. स्कॅन केला तर हाडं ठिसूळ, हिमोग्लोबिन ११.८. तिथून हार्मोनच्या डॉक्टरांकडं पाठवलं. ते विचारायला लागले, दाढी किती दिवसांनी करता, दुपारी गळून जायला होतं का, इच्छा होते का. बाळ्या, दोन वर्षं मी या सगळ्याला उन्हाळा, धंद्याचं टेन्शन, वय असलंच म्हणत होतो. भिंतीवरची जाहिरात बघून आठ महिने ताकदीचं चूर्ण पण खाल्लं, काडीचा फरक नाही.

पहिल्यांदा टेस्टोस्टेरॉनची टेस्ट मी जेवून दुपारी ४ ला करून आलो, तो रिपोर्ट त्यांनी बाजूलाच ठेवला. हे हार्मोन सकाळी जास्त असतं आणि जेवणानं खाली येतं, म्हणून उपाशीपोटी १० च्या आत, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. एकदा १६८ आलं, एकदा १८१. निदान ३०० तरी पाहिजे म्हणे. एलएच आणि एफएसएच, म्हणजे मेंदूतल्या ग्रंथीचे हुकूम देणारे हार्मोन, मात्र दोन्ही खूप वाढलेले, म्हणजे ती ग्रंथी बनव बनव म्हणून ओरडतेय आणि खाली बनवणारंच खराब झालंय. ते दोन्ही कमी असते तर डोक्यात दोष शोधला असता. कितीतरी जणांचं तर नुसतं पोट, शुगर आणि घोरताना श्वास अडकण्यानं कमी होतं, वजन उतरवलं की बरंच परत येतं. मला लगेच तू आठवलास, पंढरपूरच्या धर्मशाळेत तुझ्या घोरण्यानं म्हातारे वारकरी उठून बसले होते. हसू नको, झोपेची तपासणी करून घे.

मग डॉक्टरांनी विचारलं, वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का? त्यात कधी कधी वृषण सुजून कायमचे खराब होतात म्हणे.

मला एकदम पार्क चौक आठवला. मूल होईना म्हणून वैशालीच्या ट्यूब तपासल्या, दुर्बिणीतून बघितलं, दर महिन्याला सोनोग्राफी, अकरा वर्षं सगळं तिचंच. आत्यानं डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही तेव्हा मी तिथंच उभा होतो. पुरुषाची टेस्ट सगळ्यात सोपी, एका डॉक्टरनं लिहून पण दिली होती, तो कागद मी जिन्यातच फाडला. आणि तू पार्क चौकात एवढंच म्हणालास, एकदा तू पण तपासून घे की बे. मी तुझी कॉलर धरली. तुझ्या बायकोसमोर काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही मला.

इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं मूल हवंय का, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर शुक्राणू बनवायचं बंद करतं. म्हणून आधी ती टेस्ट, दोनदा. दोन्ही वेळा शून्य. मग चालू केलं, तेलासारखं जाड ४ मिली, कमरेत सावकाश देतात, दुसरं सहा आठवड्यांनी, पुढं साधारण तीन महिन्यांनी. मधे मधे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, बघायचं, रक्त घट्ट होतंय का बघायचं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर थांबायचं. दुपारची झोप गेली आता, चिडचिड कमी झाली, घरात मी गुणगुणतो असं आई म्हणते. शरीर सुधारतंय बाळ्या, आणि जितकं सुधारतंय तितकं वैशालीकडं बघवत नाही.

तिला इंजेक्शन हाडांसाठी वाटत होतं. काल रात्री फाईल पुढं ठेवून सगळं सांगितलं, गालगुंडापासून. ती रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. बराच वेळ एकेक कागद बघत होती, मग विचारलं, "बाळूभावजींना माहीत होतं?" मी म्हटलं सूज माहीत होती, त्यानंच तपास म्हटलं, मीच भांडलो. मग म्हणाली, "आत्यांना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

रविवारी आत्या येतेय. मी सांगणार आहे, शब्द फिरवणार नाही. पण तू ये. पार्क चौकात जे बोललो त्याची माफी वहिनींकडं समोर मागायचीय, त्यांना पण घेऊन ये. नवीन जागेचं काम संपलं का, अण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं, बरे आहेत ना?

आणि एक, ओंकारला गालगुंडाची लस दिलीय का ते कार्डावर बघ. सरकारी डोसात गोवर-रुबेला असतो, गालगुंड नसतं, एमएमआर वेगळी घ्यावी लागते. पंधरावं लागलं ना त्याला? याच आठवड्यात विचारून घे डॉक्टरांना.

फोन नको करू, फोनवर बोलता येणार नाही मला. सरळ ये.

तुझा,
सुऱ्या