हिमालयाचे जुने नकाशे रद्दीत घालू नका

संपादक साहेब, नमस्कार.

इंदूरातून दर उन्हाळ्यात ट्रेकिंगवाले ग्रुप उत्तराखंडला जातात, सगळी भिस्त मोबाइलच्या मॅपवर. त्यात नंदादेवीचा भाग उघडून बघा, वाटांची आणि पडावांची नावं जवळजवळ नाहीतच. ती जुन्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याच्या उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशांवर, शोधावी लागतात आणि तीच शीटं आता संपत चाललीयेत, म्हणून लिहितोय.

रामबागेत ओळखीच्या एका काकांकडे ५३ एन नंबरचं शीट आहे, एका इंचाला चार मैलवालं, मागे कापड चिकटवलेलं, घड्यांवर झिजलेलं. ऋषीगंगा नदीच्या घळीपाशी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, इतके दाटलेत की भिंगाशिवाय मोजताच येत नाहीत. ७८१६ मीटरच्या नंदादेवीभोवती शिखरांचं कडं आहे आणि आतलं पाणी बाहेर पडतं ते फक्त या घळीतून. १९३४ मध्ये शिप्टन-टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक तीन शेर्पांसोबत इथूनच आत शिरले, १९३६ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑस्मास्टननी आतली मोजणी केली. लाता गावावरून वर लाता खरक, धरांसी, दिब्रुगेटा हे मेंढपाळांचे पडाव, पण १९८२ ला नॅशनल पार्क झालं, मग आत जाणंच बंद झालं, त्या वाटांनी बकऱ्या नेलेली माणसं आता म्हातारी झाली. त्यांच्यानंतर ही नावं कोण सांगणार?

आणि हा नुसता हौसेचा विषय नाही हो. ७ फेब्रुवारी २०२१ ला रौंठी शिखराचा कडा बर्फासकट कोसळला आणि ऋषीगंगेच्या लोंढ्यात रैणीचा वीजप्रकल्प वाहून गेला. बर्फ कुठवर होता, नदी कशी वळायची, हे बघायला जुना नकाशा लागतोच.

अमेरिकेच्या यूएसजीएसने, म्हणजे तिथल्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांच्या वर नकाशे स्कॅन करून फुकट ठेवलेत. कॅलिफोर्नियातल्या हाय सिएरा पर्वतरांगेतल्या माउंट लायेलचं १९०१ चं शीट कुणीही घरबसल्या उतरवू शकतं, आणि ते लागतंच, कारण तिथली लायेल हिमनदी आता सरकतच नाही हे २०१३ ला जाहीर झालं. आपल्याकडे आजचे नकाशे ऑनलाइन फुकट मिळतात, २०२१ पासून नकाशांचे नियमही बरेच सैल झालेत, मग हिमालयाच्या जुन्या आवृत्त्याही तशाच खुल्या करायला काय हरकत आहे?

तोवर इंदूरातल्या कॉलेजांच्या भूगोल विभागांना आणि जुन्या लायब्ऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, कपाटं साफ करताना टोपोशीटचे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. आधी स्कॅन करा, कडेचा नंबर आणि साल नीट येऊ द्या.

एक वाचक, इंदूर