जुन्या गाडीत इलेक्ट्रिक फॅन बसवताय? वायरिंग कुठून घेतलंय ते आधी बघा

संपादक महोदय,

यंदा मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात बाणस्तारीच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी उभी होती, मागच्या सीटवर आई आणि माझी दोन मुलं, आणि अचानक डॅशबोर्डखालून रबर जळल्याचा वास यायला लागला आणि लगेच धूर. मुलांना बाहेर काढलं, आईला धरून उतरवलं, बाजूच्या टॅक्सीवाल्याने पाना दिला म्हणून बॅटरीचं टर्मिनल सोडवता आलं. अजून दोन मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ते आठवलं की आजही झोप लागत नाही. म्हणून हे पत्र, कारण गोव्यात घराघरात अशा गाड्या आहेत आणि आता सगळेच त्यांना इलेक्ट्रिक फॅन, इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतायत.

गाडी 1978 ची, बाबांनी घेतलेली, नंबर अजून जुना जीडीचा (गोवा-दमणच्या काळातला). उन्हाळ्यात फोंड्याच्या बाजारात टेम्परेचरचा काटा वर जायचा म्हणून मार्चमध्ये एका गॅरेजमधून रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावून घेतला. वायर कुठून घेतली हे मी विचारलं होतं, तर उत्तर आलं, "पात्रांव, चालता न्हू, मागीर कितें?" (मालक, चालतंय ना, मग काय?) मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं, मी गप्प बसलो.

नंतर उघडून बघितलं तर फॅनची वायर थेट चाबीच्या स्विचमधून घेतलेली, घरातल्या टेबललॅम्पची असते तेवढी बारीक, नुसती पिळून वर काळी टेप मारलेली. फ्यूज नाही, रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. आता हिशोब बघा. असा फॅन साधारण 10 ते 12 अँपिअर खेचतो आणि चालू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आपल्या जुन्या गाड्यांमध्ये इग्निशनच्या वायरला बहुतेक वेळा फ्यूज नसतोच, कारण तिच्यावर स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलचे तीन-चार अँपिअर एवढाच लोड असायचा. आणि पिळलेल्या जॉइंटमध्ये ढिलेपणामुळे 0.2 ओहमचा रेझिस्टन्स आला तरी 12 अँपिअरला त्या एका ठिकाणी जवळजवळ 29 वॅट उष्णता तयार होते. रेडिओवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! म्हणजे डॅशबोर्डच्या मागे कापडात गुंडाळलेलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन आम्ही दोन महिने फिरत होतो.

बरोबर पद्धत अवघड नाही आणि महागही नाही, म्हणून तर जास्त राग येतो. बॅटरीच्या प्लसवरून फॅनसाठी वेगळी 2.5 स्क्वेअर एमएमची वायर काढायची, बॅटरीपासून वीतभर अंतरातच 20 अँपिअरचा फ्यूज, कारण फ्यूज हा फॅन वाचवायला नसतो तर वायर जळू नये म्हणून असतो, मग बॅटरी आणि फ्यूजच्या मध्येच वायर कुठे घासली तर त्याचा काही उपयोग नाही. पुढे ती वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरून फॅनला, 86 ला चाबीची वायर आणि 85 रेडिएटरच्या थर्मोस्विचमधून (पाणी तापलं की चालू होणारा स्विच) अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. रिलेची कॉइल पाव अँपिअरसुद्धा खात नाही, त्यामुळे चाबीवर आणि जुन्या वायरिंगवर भार पडतच नाही. थिंबल (वायरच्या टोकाला लावायचे धातूचे टोप) चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून घ्यायचे, दाताने किंवा साध्या पकडीने नाही, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह. रिले बसवताना पिना खाली करून बसवा म्हणजे पाणी आत साचत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो आणि किनाऱ्याकडे खारी हवा किती, हे वेगळं सांगायला नको. अर्धे इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम तर अर्थिंगचेच असतात, बॉडीवर रंगावरच बोल्ट कसलेला, खाली गंज. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, मगच अर्थ जोडा.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. डायनामोच्या (अल्टरनेटर यायच्या आधीचं बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गाडीत हे सगळं जोडलं तर चार्जिंग पुरतं का? त्या काळचा डायनामो साधारण 22 अँपिअरचा, तोही इंजिन फिरतं असताना. ट्रॅफिकमध्ये आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅन नेमका तेव्हाच चालतो. वरून रात्र, पाऊस, हेडलाइट सात-आठ अँपिअर, वायपर वेगळा, मग बॅटरीच उतरत जाते. अल्टरनेटर लावायचा तर कटआउट (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा जुना डबा) काढून चार्जिंगची जाड वायर नवीन टाकावी लागते, जुन्याच वायरवर भागवू नका. डॅशवर अँमीटर (करंट दाखवणारा काटा) असेल तर स्टार्टर सोडून बहुतेक करंट त्यातूनच जातो, तिकडेही लक्ष द्या. आणि गोव्याच्या लिबरेशनच्या (1961) आधीची एखादी ब्रिटिश गाडी असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेली) असू शकते, ते न बघता अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं तर पहिल्याच झटक्यात जळतं.

पेट्रोल पंपाचं तर अजून काळजीचं. चोर्ला घाट किंवा अनमोड घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते म्हणून लोक इलेक्ट्रिक पंप लावतात, ते समजू शकतं. पण कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब दोन ते चार पीएसआय (दाब मोजायचं एकक) पुरे, आजकालच्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसच्या वर देतो, तो भंगारातून आणून लावला तर कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर येणारच. आणि चाबीवर थेट जोडला तर अपघात होऊन इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहतो. म्हणून तो रिलेवरून आणि ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्यायचा, की इंजिन थांबलं की पंप थांबला. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं, त्याने जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, तेही बदलून घ्या.

मूळ वायरिंगला मात्र कात्री लावू देऊ नका. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमची 2028 मध्ये तिथे पोचेल, आणि मला ती बाबांनी घेतली तशीच पोचवायची आहे. नवीन वायरी वेगळ्या पट्ट्याने बांधा, म्हणजे उद्या काढता येतील.

माझी सरकारकडे एक मागणी आहे. फर्मागुडी, म्हापसा, डिचोलीच्या आयटीआयमध्ये जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचा एक छोटा कोर्स शनिवार-रविवारी ठेवा, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी. डायनामो, कटआउट, जुन्या इग्निशनचे पॉइंट हे माहीत असलेले आपले जुने बॅटरीवाले आता सत्तरीच्या पुढे गेलेत, त्यांनाच शिकवायला बोलवा, मानधन द्या. आणि गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती, काम झालं की कुठली वायर कुठून घेतली याचा एक साधा कागद गिऱ्हाइकाला द्या. माझ्या गाडीचा तो कागद आता ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो आणि बॅटरीला कटऑफ स्विच लावलाय. सीटखाली आग विझवायचा सिलिंडरही ठेवलाय.

आपला एक वाचक, फोंडा